उशीखालचं पाकीट

ताई, २०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं इराणला गेलो होतो. यज्दहून शिराझला जायला ड्रायव्हरसकट गाडी केली होती. अबरकूहचं ते चार हजार वर्षांचं म्हणतात ते सरूचं झाड पाहून पुढे निघालो आणि संध्याकाळी, जिथे नजर जाईल तिथे नुसता माळ आणि लांबवर डोंगर, अशा जागी गाडीचा रेडिएटर गेला. निळ्या पिकअपमधून चाललेले एक गृहस्थ थांबले. आमची गाडी दोर बांधून ओढत त्यांनी गावातल्या मेकॅनिककडे पोचवली आणि आम्हाला स्वतःच्या घरी नेलं. घरी त्यांची पत्नी, म्हातारी आई आणि सोळा वर्षांची मुलगी. गालिच्यावर सुफ्रा, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरून सगळे जेवायला बसलो. घोर्मे सब्जी, म्हणजे हिरव्या पाल्याचा रस्सा होता, मटण घातलेला. मी मांस खात नाही हे मुलीच्या शाळेतल्या इंग्रजीतून तिच्या आईला कळलं, तशी ती बाई उठली. रात्री साडेनऊला चूल पुन्हा पेटवून तिने माझ्यापुरता मसूर, बेदाणे आणि खजूर घातलेला वेगळा भात केला.

सकाळी निघताना हे म्हणाले, असं फुकट राहून कसं जायचं? शंभर डॉलर पाकिटात घालून उशीखाली ठेवले. पुढे पासारगादला प्राचीन सम्राट सायरसच्या कबरीपाशी उभे होतो, तर तीच निळी पिकअप आली. गृहस्थांनी पाकीट माझ्या हातात दिलं, वर डाळिंबांची एक पिशवी दिली, छातीवर हात ठेवून किंचित वाकले आणि गेले. एक शब्द बोलले नाहीत.

हे म्हणतात, तो त्यांचा 'तारोफ', म्हणजे शिष्टाचारापुरता वरवरचा नकार होता, आपण पुन्हा आग्रह करायला हवा होता. मला वाटतं, आपण त्यांचा अपमान केला. आता ती मुलगी एमएस्सीला पुण्यात येते आहे. तिने एवढंच विचारलंय की मुलींसाठी चांगलं वसतिगृह कुठलं. हे म्हणतात, तिचे पहिल्या वर्षाचे वसतिगृहाचे पैसे भरून टाकू, म्हणजे आपण मोकळे होऊ. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, घर पूर्ण शाकाहारी. परक्या देशातली मुलगी घरातच राहायला येईल की काय, ह्या विचाराने त्या गप्पच झाल्या आहेत. मी काय करू?
– एक वाचक, कोथरूड

प्रिय वाचक,

वसतिगृहाचे पैसे भरू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडकले: 'मोकळे होऊ'. तुमच्या मिस्टरांचं मन चांगलं आहे, त्याबद्दल मला जराही शंका नाही. कुणाचं घेतलं तर ठेवून घ्यायचं नाही, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली असते. शेजारणीकडून वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही. पण आठवून पाहा, त्या वाटीत आपण साखर घालतो, लाडू घालतो, झाडाची चार लिंबं घालतो. सुटे पैसे घालत नाही. घातले तर शेजारीण पुन्हा वाटी पाठवील का?

आता तारोफचं. त्याबद्दल तुमच्या मिस्टरांनी वाचलंय ते खरं आहे. इराणमध्ये दुकानदार, टॅक्सीवाला, सगळे पैसे घेण्याआधी 'गाबेली नदारे' म्हणतात, म्हणजे तुमच्यापुढे ह्याची काय किंमत! तेव्हा हसून पुन्हा पैसे पुढे करायचे असतात, दोनदा, तीनदा, आणि मग ते घेतात. जेवताना वाढणारा आग्रह करतो, खाणारा नको म्हणतो, आणि दोघांनाही माहीत असतं की पहिला नकार हा नकार नसतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९७५ च्या सुमारास सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातली मागची खोली आईने एका इराणी मुलाला भाड्याने दिली होती. त्या काळात पुण्यात शिकायला येणारी इराणी मुलं बरीच असत. हा शिराझचा, इंजिनिअरिंगला. पहिल्याच आठवड्यात आईने त्याला रात्री जेवायला बोलावलं. दोन पोळ्या झाल्यावर विचारलं, आणखी वाढू? तो म्हणाला, नको काकू. आईने पोळ्यांचा डबा बंद केला. आमच्याकडे नको म्हणजे नको, अन्न वाया घालवायचं नाही. असं दीड-दोन महिने चाललं. मग एकदा त्यानेच लाजत सांगितलं की काकू, आमच्यात पहिल्यांदा हो म्हटलं तर आई रागावते. तो दर वेळी आमच्याकडून अर्धपोटी उठत होता! आईला ते इतकं लागलं की पुढे ती त्याला हाताची बोटं मोजून तीनदा विचारायची, आणि तिसऱ्या बोटाला उत्तराची वाट न पाहता वाढायची.

त्यानेच एकदा महिन्याच्या शेवटी त्या पोळीच्या डब्यात दहाच्या काही नोटा ठेवल्या. मी तेव्हा बारा वर्षांची होते, पण आईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. ती ओरडली नाही. नोटा घेऊन त्याच्या खोलीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "भाडं देतोस ना? मग पोळीचे पैसे कशाला देतोस?" तो कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्याने मंडईतून अर्धा किलो बेदाणे आणले, आणि आईने रविवारी त्याचा शिरा केला. त्यावर ती गोष्ट संपली.

तुमच्या त्या सकाळीही हेच झालं, असं मला वाटतं. तारोफ दारात होतो. तोंडाने होतो, समोरासमोर, दोघं हसत असताना. तुम्ही दारात पैसे पुढे केले असते आणि त्यांनी नाही म्हटलं असतं, तर तुमच्या मिस्टरांच्या शंकेला जागा होती. पण एक माणूस आपलं काम टाकून, पेट्रोल जाळून, तुमच्या मागे पासारगादपर्यंत येतो आणि पाकीट हातात ठेवतो, तेव्हा त्यात तारोफ उरत नाही. ते साधं, सरळ 'नाही' होतं. पुन्हा आग्रह केला असता, तर मात्र खरंच दुखावलं असतं.

अपमान झाला का? थोडं लागलं असणार त्यांना. पाकीट बहुधा त्या खानूमच्या, म्हणजे घरच्या बाईंच्या, हाताला लागलं, अंथरुणं काढताना. घडी घालता घालता उशी उचलली, खाली नोटा. जिने रात्री तुमच्यासाठी पुन्हा भात टाकला, तिला क्षणभर काय वाटलं असेल ह्याची कल्पना तुम्हाला आहे, म्हणून तर ही बोच गेलेली नाही. पण डाळिंबं विसरू नका. ऑक्टोबर हा तिकडे डाळिंबांचा मोसम. ज्याला नातं तोडायचं असतं तो पाकीट परत करतो आणि निघून जातो, पिशवी भरत बसत नाही. त्या बाईने पाकीट पाहिलं, आणि नवऱ्याच्या हाती ते देताना बरोबर फळंही दिली. तुम्हाला त्यांनी तिथेच, सायरसच्या कबरीसमोर माफ करून टाकलं होतं. आणि पोर मोठी झाल्यावर, हजारो किलोमीटरवरच्या शहरात पाठवायची वेळ आल्यावर, त्या घराला तुमची आठवण झाली. पाकीट राहिलं असतं तर हिशोब तिथेच पुरा झाला असता. मग तिने तुम्हाला विचारलं असतं, की एजंटाला?

म्हणून तिचे पैसे भरू नका. आणखीही एक कारण आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. ती बावीस वर्षांची मुलगी शिकायला येते आहे. तिच्या आईवडिलांनी केलेल्या पाहुणचाराचं बिल तिच्या नावावर चुकतं करू नका. तिला प्रत्येक भेटीत त्या पैशांचं ओझं वाटेल, ती तुमच्याकडे मोकळेपणी येणार नाही, आणि घरी सांगायचं की नाही ह्या पेचात पडेल. सांगितलं, तर ते वडील पुन्हा पिकअप काढणार!

पैशाच्या बाबतीत तिला मदत लागेल ती वेगळ्या प्रकारची. निर्बंधांमुळे इराणची बँक कार्डं आपल्याकडे चालत नाहीत. ती मुलगी रोख परकीय चलन घेऊन उतरेल आणि पहिले काही दिवस प्रत्येक व्यवहारात अडखळेल. फोनचं सिम, बँकेचं खातं, वसतिगृहाची अनामत, हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. एक झाल्याशिवाय दुसरं होत नाही. तिथे तुमचे मिस्टर लागतील. तिच्याबरोबर बँकेत जाऊन बसा, अर्ज भरायला मदत करा, आठवडाभरासाठी काही हजार उसने लागले तर उसने म्हणूनच द्या, आणि तिने परत केले की घ्या. विद्यार्थी म्हणून येणाऱ्या परदेशी मुलांना आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. त्याची कागदपत्रं कॉलेजच्या मदतीने वेळेत होतील एवढं पाहा. आणि ती तुमच्या घरी एक रात्र जरी राहिली, तरी परदेशी पाहुणा मुक्कामाला आहे हे यजमानाने २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं. नातेवाईक असो की मैत्रीण, घर खासगी असो की लॉज, नियम सगळ्यांना आहे. हे नीट करा, म्हणजे पुढे तिच्या व्हिसाला त्रास नको.

आता घरात राहायला बोलवायचं की नाही. इथे मी तुम्हाला सावध करते. 'आमच्याकडेच राहा ना' हे वाक्य मनात नसताना लिहू नका. तिला तारोफ उमगतो. तोंडदेखलं बोलावणं ती लगेच ओळखेल, तीनदा नको म्हणेल, आणि तुम्ही सुटल्यासारख्या व्हाल. मग आणखी एक बोच मनाला लागून राहील. तुमच्या घरात दोन वर्षं एक मुलगी राहू शकत नसेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. सासूबाईंचं वय झालंय, घर त्यांचंही आहे. वसतिगृहच शोधा, पण स्वतः जाऊन पाहून. खोली, पाणी, रात्री दार किती वाजता बंद होतं, कॉलेज किती लांब. आणि पहिले चार दिवस मात्र तुमच्याकडेच ठेवा. लांबच्या प्रवासाने दमून आलेली मुलगी विमानतळावरून थेट अनोळखी खोलीत गेलेली तिच्या आईला फोनवर कळली, तर त्या घराला झोप लागेल का?

सासूबाईंना 'परदेशी मुलगी' हा शब्द सांगून चालणार नाही. त्यांना तो भात सांगा. तुम्ही त्यांना इराणचे फोटो दाखवले असतील, सरूचं झाड, कबर, पर्सेपोलिसचे खांब. साडेनऊ वाजताचं ते स्वयंपाकघर कधी सांगितलंत का? एका बाईने, जिच्या घरात मांस शिजत होतं, जिने शाकाहारी माणूस बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल, तिने तुमचं व्रत मोडू नये म्हणून वेगळं पातेलं घेतलं. ७९ वर्षांच्या आपल्या बायकांना ही भाषा आपल्यापेक्षा चांगली कळते. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांतच पाहुण्यासाठी वेगळी चूल मांडायची रीत होती. सांगून झालं की त्यांनाच विचारा, आई, ती आली की पहिल्या दिवशी काय करूया? निर्णय त्यांच्या हाती दिलात की त्यांची भीती निम्मी होईल.

मुलीलाही आधीच स्पष्ट कळवा की आमच्या घरी मांस-अंडं शिजत नाही. लपवू नका, आडून सुचवू नका. तिला ते माहीतच आहे, तिनेच तर त्या रात्री आईला समजावून सांगितलं होतं. बाहेर तिला हवं ते खाऊ दे. कधीतरी तिला आपल्या इराणी हॉटेलात न्या, बनमस्का खायला. आपल्याकडच्या इराण्यांपैकी बऱ्याच घराण्यांची मुळं यज्दच्या आसपासच्या गावांत आहेत, तुमचा प्रवास जिथून सुरू झाला तिथेच. दुधाचा चहा पाहून ती चकित होईल. त्यांच्याकडे चहा कोरा, काचेच्या छोट्या ग्लासात, साखरेचा खडा दातांत धरून. आमच्या शिराझवाल्याने १९७९ मध्ये जाताना आईला तसे दोन ग्लास दिले होते. एक माझ्याकडे अजून आहे.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार आहे. पहिल्या रात्री तिच्यासाठी घोर्मे सब्जी करायच्या भानगडीत पडू नका. तिच्या आजीच्या हातची चव तुमच्या पातेल्यात येणार नाही, आणि बिचारीला घरची आठवण येऊन रडू फुटेल. साधं वरण-भात, तूप, लिंबू, मेथीची भाजी, दही. मेथी तिला ओळखीची आहे, घोर्मे सब्जीचा वास निम्मा मेथीचाच असतो. तिखट हात आवरा. आपल्याला फिकं वाटेल ते तिला झणझणीत लागेल.

चौथ्या दिवशी, ती वसतिगृहात जायच्या आदल्या रात्री, तो मसुराचा भात करा. अदस पोलो म्हणतात त्याला, अदस म्हणजे मसूर. बासमती मिठाच्या पाण्यात तासभर भिजवा, उकळत्या पाण्यात शिजवून कणी थोडी कच्ची असतानाच चाळणीत निथळा. अख्खे मसूर वेगळे शिजवा, बोटांत दाबले तर दबतील पण फुटणार नाहीत इतपत. जाड बुडाच्या पातेल्यात चांगलं चार चमचे तूप, त्यावर बटाट्याच्या गोल चकत्या एकीला एक लावून, मग भात आणि मसूर थर देत वर निमुळता ढीग. चमच्याच्या दांड्याने चार-पाच भोकं पाडा, वाफ फिरायला. झाकणाला स्वच्छ पंचा गुंडाळून घट्ट बसवा, म्हणजे वाफेचं पाणी भातावर टपकणार नाही. वाफ धरेपर्यंत आच मोठी, मग पाऊण तास अगदी मंद. तेवढ्यात कांदा लालसर तळा, बेदाणे आणि बी काढलेला खजूर तुपात परतून घ्या, केशर गरम पाण्यात भिजवा. हे सगळं शेवटी वरून.

मग पातेलं ताटात उलटं करा. तळाशी बटाट्याचा जो कुरकुरीत, सोनेरी थर धरला असेल त्याला ते तहदीग म्हणतात. तह म्हणजे तळ, दीग म्हणजे भांडं. आपल्याकडची डेग ह्याच घरातली. आपण त्याला खरपुडी म्हणतो आणि लहानपणी तिच्यासाठी भांडतो. त्यांच्याकडे घरातली पोरं कितीही टपलेली असली, तरी त्यातला मोठा तुकडा पाहुण्याच्या ताटात जातो. तुमच्याही ताटात आला असेल त्या रात्री, तुम्हाला तेव्हा नाव माहीत नसेल इतकंच. तो तुकडा तिला वाढा. ती नको म्हणेल. तिसऱ्यांदा विचारू नका, वाढून मोकळ्या व्हा.

त्या पाकिटाबद्दल तिच्याशी बोलू नका, तिच्या आईला लिहा. लांबलचक माफी नको. आपण जितकं जास्त सॉरी म्हणू तितकं त्यांना आपलं सांत्वन करत बसावं लागेल. फारसीत एक वाक्य आहे, स्वयंपाक करणाऱ्याला, मदत करणाऱ्याला म्हणायचं: 'दस्ते शोमा दर्द नकोने', तुमचे हात दुखू नयेत. दर्द आपल्याला कळतो, दस्त आपल्या दस्तऐवजात आहे. मुलीकडून लिहून घ्या हवं तर. आणि दुसरं वाक्य तर तुम्हाला शिकवावंच लागणार नाही. चांगलं जेवण झालं, चांगली सहल झाली, आणि आपलं माणूस तिथे नव्हतं, तर ते म्हणतात, 'जा-ये शोमा खाली'. तुमची जागा खाली, म्हणजे रिकामी होती. साधारण असं लिहा:

"खानूम, तुमची मुलगी सुखरूप पोचली. चार दिवस आमच्याकडे आहे, नीट जेवते आहे. त्या सकाळी उशीखाली ठेवलं ते आमचं चुकलं. डाळिंबं आम्ही शिराझपर्यंत खात गेलो. काल रात्री मी तुमचा मसुराचा भात केला, तुमच्यासारखा झाला नाही. दस्ते शोमा दर्द नकोने. जा-ये शोमा खाली."

सोबत भाताचा फोटो पाठवा, उलटताना थोडा मोडला असेल तरी तसाच. आणि डिसेंबरात, २१ च्या आसपास, त्यांची यल्दाची रात्र येते, वर्षातली सगळ्यांत मोठी. घरातले सगळे एकत्र बसून डाळिंबं सोलतात. पहिल्या वर्षी त्या रात्री ती मुलगी वसतिगृहात एकटी असेल. तोवर मंडईत सोलापूरची डाळिंबं आलेली असतील. मिस्टरांना सांगा, त्यांनीच जाऊन निवडून आणावीत, आणि संध्याकाळी जाऊन तिला घरी घेऊन यावं.